फिश टेस्ट : आईच्या गाठीचा ब्लॉक समोर घेऊन बसलोय, कुणी नीट समजावून सांगेल का?

सुहास_करवीर | रविवार, रात्री ९:४०
नमस्कार मंडळी. एरवी मी इथं नुसता वाचायला येतो, आज लिहायची वेळ आली. आईच्या (वय ५८) डाव्या स्तनातली गाठ मागच्या महिन्यात काढली. ऑपरेशन कोल्हापुरातच झालं, चांगलं झालं. रिपोर्टमध्ये ईआर आणि पीआर (हार्मोनचे रिसेप्टर) पॉझिटिव्ह आहेत, पण हर-टू समोर "२+, संदिग्ध" असं लिहिलंय. डॉक्टर म्हणाले, फिश करून घ्या, त्यावर पुढचं औषध ठरवू. ब्लॉक मुंबईला पाठवावा लागेल, आठ-दहा दिवस धरा, असं लॅबनं सांगितलं. खर्चाचा आकडा ऐकून वडील गप्पच झाले.

आत्ता तो ब्लॉक माझ्यासमोर टेबलावर आहे. प्लास्टिकची जाळीदार चौकट, काडेपेटीपेक्षा लहान. कडेला पेन्सिलीनं लिहिलेला नंबर, आणि मेणात बसलेला नखाएवढा पिवळट तुकडा. तासभर झाला, मी त्याच्याकडेच बघतोय.

मला विचारायचंय ते असं : या तुकड्यातून नेमकं काय शोधणार? एक टेस्ट झालेली असताना दुसरी खरंच लागते का? आणि उत्तर किती पक्कं असतं? डॉक्टरांनी सांगितलं, पण दवाखान्यात मागं माणसं उभी असताना डोक्यात काही शिरलं नाही.

रंकाळाकाठ | रविवार, रात्री ९:५२
सुहासदादा, आईंना लवकर आराम पडू दे. ब्लॉक गाडीत उन्हात ठेवू नका, बाकी जाणकार सांगतीलच.

स्लाइडवाली | रविवार, रात्री ११:०५
सुहास, मी अकरा वर्षं मुंबईत फिशच्या टेबलावर काम केलं, आता माहेरी कोल्हापुरात आहे. जेवढं हातानं केलंय तेवढं सांगते.

आधी २+ चं. झालेली टेस्ट, आयएचसी, पेशीच्या कडेवर हर-टू नावाचं प्रथिन किती आहे ते तपकिरी रंगानं दाखवते. कड गडद आणि पूर्ण रंगली तर ३+, रंगलीच नाही तर शून्य. मधल्या २+ चा निकाल डोळ्यानं लागत नाही. मग प्रथिन सोडून ते ज्याच्यामुळे तयार होतं त्या जनुकाकडे जायचं. हे जनुक १७ नंबरच्या गुणसूत्रावर असतं. निरोगी पेशीत १७ ची जोडी, म्हणून जनुकाच्या दोन प्रती. काही गाठींत या प्रती दहा, वीस, त्याहूनही जास्त होतात. तशा त्या झाल्यात का, एवढंच फिश बघते.

तुमच्या ब्लॉकमधून ४-५ मायक्रॉन जाडीचा पापुद्रा कापतात. कोमट पाण्यावर तो तरंगतो, तिथून अलगद काचेवर उचलायचा. कर्करोगाचा भाग नेमका कुठं आहे त्यावर पॅथॉलॉजिस्ट खूण करून देतात, कारण शेजारच्या निरोगी पेशी मोजून उपयोग नाही. मेण काढलं की पेप्सिन, म्हणजे प्रथिनं पचवणारं एन्झाइम. हे काम लई नाजूक! कमी पचवलं तर प्रोब आत शिरत नाही, जास्त पचवलं तर केंद्रकांना भोकं पडतात आणि सगळी मेहनत पाण्यात. मग प्रोबचा थेंब टाकायचा, वर कव्हरस्लिप, कडा रबर सिमेंटनं बंद. तापवलं की डीएनएच्या दोन दोऱ्या एकमेकींपासून सुटतात. नंतर रात्रभर ३७ अंशावर ठेवलं की प्रोब आपली जोडीची जागा शोधून तिथं बसतो. प्रोब म्हणजे काय, तर त्या जनुकाशी अक्षर न् अक्षर जुळणारा डीएनएचा तुकडा, त्याला चमकणारा रंग जोडलेला. दुसऱ्या दिवशी गरम द्रावणानं धुवायचं, म्हणजे चुकीच्या जागी अर्धवट चिकटलेला प्रोब निघून जातो.

नंतर काळोखी खोली. दार बंद, मोबाइल पालथा. शंभरच्या भिंगाखाली तेलाचा थेंब. डोळे सरावले की आधी निळी केंद्रकं दिसतात, मग त्यांत लाल आणि हिरवे ठिपके. लाल म्हणजे हर-टू, हिरवा म्हणजे १७ नंबरच्या गुणसूत्राचा मधला भाग. एकेका केंद्रकातले लाल किती, हिरवे किती, मोजत जायचं. कमीत कमी वीस केंद्रकं. लालची सरासरी भागिले हिरव्याची सरासरी. हे गुणोत्तर २ किंवा जास्त आणि लालची सरासरी ४ किंवा जास्त आली की पॉझिटिव्ह.

ब्लॉक डब्यात घालून कपाटात ठेवा. ते मेण साधारण ५६-६० अंशांना वितळतं, घरात काही होत नाही. आणि आता झोपा.

पंचगंगा_७२ | सोमवार, सकाळी ७:१५
एकाच तुकड्यावर दोन-दोन टेस्ट कशाला? पहिलीनं कळत नसेल तर ती केलीच कशाला? मी थेट सांगतो, आमच्या घरात अशा टेस्टांपायी एक म्हैस विकली आणि शेवटी गोळ्या तेवढ्या त्याच राहिल्या. डॉक्टर लिहितात, आपण धावतो. सुहास, दुसऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पैसे भरू नकोस.

मृणाल_शाहूपुरी | सोमवार, सकाळी ८:०२
पंचगंगा काका, तुमचा त्रास खरा आहे. पण माझंही ऐका. २०१७ मध्ये माझा स्वतःचा रिपोर्ट असाच २+ होता. फिश पॉझिटिव्ह आली. म्हणून मला ट्रास्टुझुमॅब हे हर-टूवरचं औषध मिळालं, दर तीन आठवड्यांनी एकदा, असं वर्षभर. फिश केली नसती तर ते औषध मला कुणी दिलंच नसतं. आज आठ वर्षं झाली, मी रोज सकाळी रंकाळ्याला फेरी मारते. ती टेस्ट न करणं मला कितीला पडलं असतं, याचा हिशेब मला घालवत नाही.

सुहास, रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना भेट. महात्मा फुले योजनेत काय बसतं, काय नाही, ते समोरासमोर विचार आणि लिहून घे.

हुपरीकर | सोमवार, दुपारी १:३०
स्लाइडवाली ताई, आमचा धंदा चांदीचा. कस लावल्यावर काही दागिन्यांचं डोळ्यानं ठरत नाही, मग थोडा तुकडा वितळवून खरा टंच काढावा लागतो. तुमचं २+ मला तसंच वाटलं. पण एक शंका आहे. नुसते लाल ठिपके मोजले तर पुरत नाही का? हिरवे कशाला?

स्लाइडवाली | सोमवार, दुपारी ३:१०
हुपरीकर दादा, चांगलं विचारलंत. समजा एका पेशीत लाल ठिपके सहा दिसले. दोन शक्यता आहेत. एक, १७ नंबरची गुणसूत्रंच सहा झालीत, तेव्हा हिरवेही सहा दिसतील आणि गुणोत्तर १ येईल. दुसरी, गुणसूत्रं दोनच पण त्यांच्यावर हर-टू तेवढं फुगलंय, तेव्हा हिरवे दोन आणि गुणोत्तर ३. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिरवा म्हणजे आमच्या तागडीतलं दुसरं पारडं.

शिवाय कापताना केंद्रकाचाही काप होतो, गोळ्याची चकती व्हावी तसा. मग काही ठिपके त्या चकतीबाहेर राहतात. लाल आणि हिरवे दोन्ही सारखेच सुटतात, म्हणून भागाकार बऱ्यापैकी टिकतो.

पंचगंगा काका, पहिली टेस्ट बहुतेकांना उत्तर देते, आणि ती स्वस्त आहे. स्तनाच्या कर्करोगात साधारण १५ ते २० टक्के रुग्णच हर-टू पॉझिटिव्ह असतात. सगळ्यांची सरसकट फिश केली तर म्हशी आणखी विकल्या जातील. जिथं अडतं तिथंच ती करायची.

कळंब्याची_सून | सोमवार, सायंकाळी ६:२०
आमच्या आजेसासूबाईंना डॉक्टरांनी "फिश करायला लागेल" म्हटलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "श्रावण संपू दे बाबा, मग खातो म्हणे मी मासा." दवाखाना हसला, आणि त्यांच्या जिवाचं ओझंही जरा हललं. नावाचा अर्थ विचारला तर डॉक्टरांनी फोड करून सांगितली : फ्लुरोसन्स इन सिटू हायब्रिडायझेशन. इन सिटू म्हणजे जागच्या जागी, हे तेव्हा कळलं.

विद्यानगर | सोमवार, रात्री ९:००
"जागच्या जागी" यातच सगळी गंमत आहे. मी विद्यापीठात शिकवतो, म्हणून थोडा मागचा इतिहास.

१९६९ मध्ये जोसेफ गॉल आणि मेरी लू पार्ड्यू यांनी बेडकाच्या अंड्याच्या पेशींवर पहिल्यांदा असं केलं. तेव्हा प्रोबला रंग नव्हता, किरणोत्सर्ग होता. स्लाइडवर फोटोचं इमल्शन ओतून काळोखात ठेवायची आणि वाट बघायची. १९८० च्या सुमारास चमकणारे रंग आले. किरणोत्सर्गाची भीती गेली, एका दिवसात उत्तर मिळायला लागलं, आणि सगळ्यात मोठं म्हणजे दोन वेगळे रंग एकाच पेशीत बघता यायला लागले. वरचा लाल-हिरव्याचा भागाकार किरणोत्सर्गाच्या काळात जमलाच नसता.

हर-टूच्या प्रती वाढलेल्या बायकांचा आजार जास्त आक्रमक असतो, हे डेनिस स्लेमन यांच्या गटानं १९८७ मध्ये दाखवलं. त्यावरचं औषध १९९८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. आधी खूण सापडली, मग त्या खुणेवरचं औषध. मृणालताईंना मिळालं ते हेच.

आणखी एक, कारण लोक गल्लत करतात : कोविडच्या वेळी झाली ती आरटी-पीसीआरही रंगीत प्रोबनंच चालते, पण तिची रीत वेगळी. फिशचा प्रोब लांबलचक, लाखाच्या घरात अक्षरं, भरपूर रंग लावलेला, म्हणून एकच प्रत असली तरी तिचा ठिपका डोळ्यांना दिसतो. पीसीआरचा प्रोब वीस-तीस अक्षरांचा. त्याच्या एका टोकाला रंग आणि दुसऱ्या टोकाला तो रंग विझवणारा रेणू. दोघं जवळ असेपर्यंत अंधार. प्रत काढत पुढं सरकणारं टॅक एन्झाइम वाटेत बसलेल्या प्रोबचे तुकडे करतं, रंग सुटा होतो आणि चमकतो. दर फेरीला प्रती दुप्पट, चमकही तशीच वाढते. कितव्या फेरीला चमक रेषा ओलांडते, तो आकडा म्हणजे सीटी व्हॅल्यू, जी २०२० मध्ये सगळ्यांच्या तोंडी होती. या प्रोबला टॅकमॅन म्हणतात, पॅक-मॅन या खेळावरून. ते टॅक ज्या जिवाणूचं, तो थॉमस ब्रॉक यांना अमेरिकेत यलोस्टोनच्या गरम झऱ्यांत सापडला होता, म्हणून ते उकळत्याला टेकलेलं तापमानही सोसतं.

पीसीआरसाठी पेशी फोडून सगळं एकत्र करावं लागतं. कुठल्या पेशीत काय होतं, हे त्यात पुसलं जातं. फिशमध्ये पेशी जागेवर असते. तुमच्या डॉक्टरांना पेशीगणिक उत्तर हवंय, म्हणून फिश.

कागल_आरोग्य | सोमवार, रात्री १०:१५
विद्यानगर सरांनी विझवणाऱ्या रेणूचं काढलं म्हणून लिहितो. मी क्षयरोगाच्या कामात आहे. आमच्याकडं सीबीनॅट हे टीबीचा जंतू शोधणारं मशीन आहे, त्यातही असलेच प्रोब. थुंकीत द्रावण मिसळायचं, पंधरा मिनिटं ठेवायचं, कार्ट्रिजमध्ये भरून मशीनला लावायचं, दोन तासांच्या आत उत्तर. जागतिक आरोग्य संघटनेनं ते २०१० च्या डिसेंबरमध्ये मान्य केलं. आधी कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायला, कित्येक आठवडे लागायचे, तोपर्यंत पेशंट घरातल्या चौघांना टीबी देऊन मोकळा व्हायचा.

त्यातला प्रोब म्हणजे बायका केसांना लावतात त्या आकड्यासारखा दुमडलेला. मिटलेला असला की रंग आणि विझवणारा शेजारी-शेजारी, म्हणून अंधार. त्याला जुळणारा डीएनए मिळाला की आकडा उघडतो आणि उजेड पडतो. संजय त्यागी आणि फ्रेड क्रेमर यांनी १९९६ मध्ये हे जगापुढं आणलं.

आता ऐका. रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध. त्याला दाद न देणाऱ्या जंतूंमध्ये बदल बहुतेक वेळा एकाच ८१ अक्षरांच्या पट्ट्यात असतो. पहिल्या कार्ट्रिजमध्ये त्या पट्ट्यावर पाच प्रोब शेजारी-शेजारी बसवले होते, प्रत्येकाचा रंग वेगळा. पाचही चमकले तर पट्टा धड. एखादा चमकला नाही किंवा फार उशिरा चमकला, तर त्या जागी बदल झालाय, औषध चालणार नाही. म्हणजे आमच्याकडं जो दिवा लागत नाही, तोच बातमी देतो.

मला नोकरीला लागून सहा महिने झाले होते तेव्हा वीस-बावीस वर्षांची एक पोरगी आली होती, ऊसतोडीच्या टोळीतली. चार दिवे लागले, पाचवा लागला नाही. त्याच दिवशी तिला दुसऱ्या औषधांवर घेतलं. जुनी पद्धत असती तर तीन महिने चुकीच्या गोळ्या गिळत ती पुढच्या फडावर गेली असती. ती बरी झाली. तिचं लग्नही झालं.

गडहिंग्लजकर | मंगळवार, सकाळी ९:३०
कागल_आरोग्य साहेब, माझ्या मामांचा सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण झाला. वजन वाढलं, खोकला गेला. खात्री म्हणून आम्ही स्वतःहून खासगीत सीबीनॅट केली, ती पुन्हा पॉझिटिव्ह! घरात रडारड झाली. मामी तर त्यांचं ताट-वाटी परत वेगळी करायला निघाल्या. हे कसं काय?

कागल_आरोग्य | मंगळवार, सकाळी ११:४५
गडहिंग्लजकर, मामींना आधी सांगा, ताट-वाटी वेगळी करू नका. टीबी भांड्यातून पसरत नाही, हवेतून पसरतो.

प्रोब जंतूचा डीएनए ओळखतो, जंतू जिवंत आहे की मेलेला हे त्याला कळत नाही. औषधांनी मारलेल्या जंतूंचे अवशेष कितीतरी काळ थुंकीत येत राहतात, आणि दिवा लागतो. म्हणून उपचार लागू पडले का ते बघायला सीबीनॅट वापरत नाहीत, त्यासाठी थुंकीची स्लाइड आणि कल्चर. मामांना तुमच्या तालुक्याच्या क्षयरोग पथकाकडं घेऊन जा.

प्रोबला जेवढं विचारलं तेवढंच तो सांगतो. एस्वातिनी देशात असा एक बदल सापडला, जो त्या ८१ अक्षरांच्या बाहेर आहे. पाचही दिवे लागायचे, मशीन "औषध चालेल" म्हणायचं, आणि औषध चालायचं नाही. मशीन खोटं बोललं नव्हतं, त्याला ती जागा कुणी दाखवलीच नव्हती.

विद्यानगर | मंगळवार, दुपारी १२:२०
याला जोडून : अल्फा आणि नंतर पहिला ओमायक्रॉन आला तेव्हा कोविडच्या काही किटमध्ये तीन जनुकांपैकी एस जनुकाचा सिग्नल गायब व्हायचा, बाकीचे दोन यायचे. विषाणूच्या त्या भागातली सहा अक्षरं गळाली होती, म्हणून प्रोब बसत नव्हता. त्या गायब सिग्नलवरूनच जगभरच्या लॅबना पहिला सुगावा लागला.

ऊसकरी_शिरोळ | मंगळवार, रात्री ८:४०
विषय दवाखान्याचा हाय, पण रंगीत गुणसूत्रं म्हटल्यावर राहवलं न्हाई. आमच्या ८६०३२ जातीच्या उसाला माणसासारखी ४६ गुणसूत्रं नसत्यात. आजच्या उसात १०० ते १३० असत्यात. त्यात बहुतेक जाड, गोड उसाची, आणि १०-१५ टक्के रानटी काशाची, ज्याच्यामुळं ऊस रोगाला आणि ताणाला टिकतो. १९१२ पासून कोईमतूरला हा संकर घडवत आणलाय. पण नेमकी कुठली गुणसूत्रं गोड उसाची आणि कुठली रानातली, हे १९९६ च्या सुमारास दोन जातींच्या अख्ख्या डीएनएला दोन रंग लावून उसाच्या पेशीवर सोडल्यावर दिसलं. काही गुणसूत्रं अर्धी एका रंगाची, अर्धी दुसऱ्या रंगाची निघाली. म्हणजे तुकड्यांची अदलाबदल झालेली. मी तो फोटो कृषी महाविद्यालयात पडद्यावर बघितला. आमच्या रोजच्या फडातला ऊस आतून असा दिसतो, हे बघून अंगावर काटा आला. सुहासभाऊ, तुमच्या आईंसाठी देवाकडं मागणं हाय.

सुहास_करवीर | मंगळवार, रात्री १०:३०
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री स्लाइडवाली ताईंचं सगळं वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे प्रती मोजणार. मग मोजू दे." एवढंच. आरोग्यमित्रांना भेटलो, काही भाग योजनेत बसतोय, बाकीचं आम्ही घालतोय. चुलतभाऊ उद्या रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसनं ब्लॉक घेऊन निघतोय. सोबत आणखी काही द्यायला लागतं का?

वडणगेकर | मंगळवार, रात्री ११:१०
सुहास, आमचं ऐक, मग पाठव. २०१९ च्या ऑगस्टमध्ये माझ्या वहिनीची बायोप्सी झाली आणि दोन दिवसांत पूर आला. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, एकही गाडी बाहेर पडेना. तिचा तुकडा फॉर्मेलिनच्या (तुकडा टिकवणाऱ्या द्रावणाच्या) बरणीत एका कलेक्शन सेंटरवर तसाच पडून राहिला. किती दिवस, ते नक्की कुणीच सांगू शकलं नाही, कारण बरणीवर वेळच लिहिली नव्हती. पुढं आयएचसी अर्धवट निघाली आणि फिशचा रिपोर्ट आला : सिग्नल मिळाले नाहीत. वहिनीला पुन्हा सुई टोचून घ्यावी लागली. पुराला कोण काय करणार, पण बरणीवर तारीख-वेळ लिहायला कुणाची ना होती? मला आजही त्याचा राग येतो.

स्लाइडवाली | बुधवार, सकाळी ६:५०
वडणगेकर, तुमचा राग रास्त आहे. या टेस्टचं निम्मं भवितव्य ऑपरेशन थिएटरमध्येच ठरतं. गाठ काढल्यावर तासाभरात फॉर्मेलिनमध्ये पडली पाहिजे, आणि त्यात कमीत कमी ६ तास, जास्तीत जास्त ७२ तास. कमी राहिली तर आतला डीएनए सडायला लागतो, जास्त राहिली तर प्रथिनांचं जाळं इतकं घट्ट होतं की प्रोब आत शिरत नाही. मोठी गाठ तशीच अख्खी बुडवली तर फॉर्मेलिन मध्यापर्यंत पोचत नाही, ती कापून ठेवावी लागते. हाडातला तुकडा असेल आणि तो ॲसिडमध्ये मऊ केला असेल, तर फिश बहुधा गेलीच. कोल्हापुरातून नमुने बाहेर जातात, म्हणून इथं हे सगळ्यात जास्त सांभाळायला हवं. मी मुंबईत होते तेव्हा अशा बरण्या कितीदा उघडल्या, ज्यांवर नाव होतं आणि वेळ नव्हती. दरवेळी वाटायचं, या बाईला पुन्हा सुई टोचणार.

सुहास, ब्लॉकबरोबर मूळ रिपोर्टची झेरॉक्स, आयएचसीची स्लाइड मिळाली तर तीही, आणि फॉर्मेलिनमध्ये किती तास होता ते लॅबकडून लिहून घे. ब्लॉकचा नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर एकच आहे ना, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ. आणि काम झालं की ब्लॉक परत माग. तो तुमचा आहे.

पंचगंगा_७२ | बुधवार, सकाळी ९:०५
ताई, काल तुमचं म्हशीचं वाक्य वाचून मीच गप्प झालो. टेस्टला माझा विरोध नाही. पण दर, किती दिवस आणि यातून काय ठरणार, या तीन गोष्टी लॅबच्या भिंतीवर मराठीत लावा, हे मी म्हणतच राहणार. आम्हाला त्या वेळी एवढं कुणी सांगितलं असतं तर म्हैस विकूनही मन स्वस्थ राहिलं असतं.

मृणाल_शाहूपुरी | बुधवार, सकाळी ९:३०
काका, यावर मी तुमच्यासोबत सही करते.

हुपरीकर | पुढचा सोमवार, सायंकाळी ५:००
सुहास, काही कळलं का रे? रोज धागा उघडून बघतोय.

सुहास_करवीर | गुरुवार, रात्री ८:१५
रिपोर्ट आज आला. लालची सरासरी ३.१, हिरव्याची २.४, गुणोत्तर १.२९. निगेटिव्ह. डॉक्टर म्हणाले, हर-टूचं औषध लागणार नाही, हार्मोनच्या गोळ्या नक्की, केमोचं पुढच्या भेटीत सांगतो. आई खूश झाली. वडिलांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "म्हणजे टेस्टचे पैसे वाया गेले का रे?" मला नीट उत्तर देता आलं नाही.

स्लाइडवाली | गुरुवार, रात्री ९:००
वाया नाही गेले. बाबांना सांग, पॉझिटिव्ह समजून ते औषध दिलं असतं तर आई वर्षभर दर तीन आठवड्यांनी सलाइनला बसली असती. त्या औषधाचा काहींच्या हृदयावर परिणाम होतो, म्हणून मधून मधून इको करत राहावं लागतं. आणि उपयोग काहीच झाला नसता, कारण ज्यावर ते काम करतं ते आईच्या गाठीत वाढलेलंच नाही. आईचं शरीर यातून वाचलं.

रिपोर्ट जपून ठेव. २+ आणि फिश निगेटिव्ह असा प्रकार आता "हर-टू लो" म्हणून ओळखतात. आजार दूर पसरलेला असेल तर अशांसाठीचं एक औषध अमेरिकेत २०२२ मध्ये मंजूर झालंय. आईला त्याची गरज पडू नये, पण कागद हाताशी असावा. ब्लॉक परत आला का?

सुहास_करवीर | गुरुवार, रात्री ९:४०
आला. भाऊ सकाळीच स्टेशनवरून थेट घरी घेऊन आला. तुकडा थोडा झिजलाय, नंबर तोच आहे, मी बघितला. आईनं तो हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट करून पाहिला. मग स्टीलच्या डब्यात घालून सातबाऱ्याच्या पिशवीशेजारी, कपाटात खालच्या कप्प्यात ठेवला. तिथं ऊन येत नाही म्हणाली.